हावरट डॉट-स्टार आणि मामांच्या चादरी

आज सकाळपासून मामांच्या चादरींच्या दुकानाची जुनी वेबसाइट घेऊन बसलो होतो, सगळ्या मालाची नावं आणि भाव काढून एक्सेलमध्ये टाकायचे होते, म्हटलं रेजेक्स (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं सूत्र) लिहू, तासाभरात होऊन जाईल. टीडी टॅग (वेबपानाच्या कोडमधली टेबलाच्या एका चौकटीची खूण) सुरू, मधे डॉट-स्टार (म्हणजे 'काहीही, कितीही'), टीडी टॅग बंद. पान सगळं एकाच लांब ओळीत होतं, त्यामुळं पहिल्या चादरीपासून शेवटच्या नॅपकिनपर्यंत सगळं एकाच मॅचमध्ये आलं! स्टार हावरट असतो, शेवटचा बंद टॅग गाठल्याशिवाय थांबत नाही. पुढं प्रश्नचिन्ह लावलं की मग पहिल्याच बंद टॅगवर थांबतो.

पण खरी गाठ पुढं होती. काही चौकटींत आत अजून एक टेबल, आणि रेजेक्स आतल्याच बंद टॅगवर थांबून अर्धा भाव घेऊन यायचा. दुपारी जेवताना (भाकरी, शेंगाचटणी, दही) डोक्यात तेच चाललेलं. क्लीनी या गणितज्ञाने १९५६ साली मांडलेल्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनला एकात एक किती टॅग उघडले हे हवं तितकं मोजताच येत नाही, आणि मी वापरत होतो त्या पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या री मॉड्यूलमध्येही (तिच्यातला रेजेक्ससाठीचा भाग) त्याची सोय नाही.

शेवटी ब्यूटिफुल सूप (वेबपानं वाचायची पायथॉनची तयार लायब्ररी) वापरलं, ते टॅगांचं झाडच (कोणता टॅग कुणाच्या आत, असा आराखडा) बनवून देतं. रेजेक्स ठेवलं फक्त 'रु. १,२५०/-' मधून आकडा उचलायला, आणि तिथं ते लई भारी चाललं, एक भाव चुकला नाही.

संध्याकाळी मामांना यादी दाखवली, चष्मा लावून एकेक भाव वाचत बसले. खूप बरं वाटलं.