डब्लिनची मालगाडी आणि वीतभर लांबीची इंजिनं

आयर्लंडला मालगाड्या बघायला जातोय म्हटलं की तिथलेच लोक आधी हसतात. त्यांच्या देशात जेवढा माल फिरतो त्यातला एक टक्क्याच्या आसपास रेल्वेने जातो, बाकी सगळा ट्रकने. कल्याणच्या पुलावर उभं राहून मालगाड्या मोजायची सवय असलेल्याला हे अगदीच किरकोळ वाटेल. पण पसारा एवढा लहान आहे म्हणूनच तो नीट बघून होतो. डिझेल इंजिनांचे दोन वर्ग, तीन-चार प्रकारचा माल, मोजके मार्ग. आणि जे धावायचं बंद झालं ते तिथल्या मॉडेलवाल्यांनी छोट्या आकारात जपून ठेवलंय. माझा आग्रह एकच: आधी खरी गाडी बघा, मग मॉडेल.

मुक्काम डब्लिनमध्ये ठेवा आणि सुरुवात मालाहाइडपासून करा. कॉनली स्टेशनवरून डार्ट लोकलने पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात. लीप कार्ड घेतलंत की तेच बस आणि ट्रामलाही चालतं. जायचं ते सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारच्या भरवशावर राहू नका. मालगाडीचं वेळापत्रक फलाटावर लागत नाही, त्यामुळे थोडी चिकाटी लागते. मला फलाटावर भेटलेल्या एका आजोबांनी उपयोगी गोष्ट सांगितली: रिकामी गाडी उत्तरेला जाताना दिसली की निवांत कॉफी घेऊन यायचं, भरलेली लगेच येत नाही.

ही गाडी तारा खाणीची. नॅव्हन गावाजवळची ही खाण म्हणजे युरोपातली सर्वांत मोठी जस्ताची खाण. तिथे दळून वेगळी काढलेली जस्ताची आणि शिशाची भुकटी १९७७ पासून रेल्वेने डब्लिन बंदरात येते. नॅव्हन ते ड्रॉहेडा या फाट्यावरची प्रवासी वाहतूक १९५८ मध्येच बंद झाली, तो आता फक्त मालगाड्यांसाठी आहे. ड्रॉहेडापासून पुढे ही गाडी बेलफास्ट-डब्लिन मुख्य मार्गावर येते आणि डार्टच्या लोकलमधून वाट काढत बंदर गाठते. जुलै २०२३ मध्ये खाणीचं काम थांबलं तशा गाड्याही थांबल्या. पुढे खाण पुन्हा सुरू झाली. एकाच गिऱ्हाइकावर चालणाऱ्या गाडीचं हे असं असतं. म्हणून निघण्यापूर्वी खाण चालू आहे ना, एवढी बातमी बघून घ्या.

पुढे इंजिन बहुधा ०७१ वर्गाचं असतं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ला ग्रेंज इथे जनरल मोटर्सने १९७६ मध्ये अशी अठरा इंजिनं बांधली, ०७१ ते ०८८ क्रमांकांची. बारा सिलिंडरचं टू-स्ट्रोक यंत्र, वजन ९९ टन. बहुतेकांना आता करडा रंग दिलाय, पण पहिलं ०७१ त्याच्या जुन्या नारिंगी-काळ्या रंगात परत आणलंय. ते दिसलं तर नशीबच. मी उभा होतो तेव्हा करडंच आलं, पावसात. फलाट सोडून जाताना ड्रायव्हरने ताकद वाढवली आणि तो घुमणारा आवाज छातीत उतरला. आपल्याकडे मालगाड्यांना लागणारं डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिन ऐकलेल्यांना हा ओळखीचाच वाटेल, दोघांचं घराणं एक.

आणखी एक गोष्ट नजरेत भरते, ती रुळांची रुंदी. आयर्लंडचा गेज १६०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त ७६ मिलिमीटरने कमी. बाकी युरोपात आणि ब्रिटनमध्ये बहुतांश १४३५. १८४० च्या दशकात आयर्लंडमधल्या कंपन्या वेगवेगळ्या रुंदीचे रूळ टाकत होत्या, तेव्हा मधला आकडा काढून वाद मिटवला आणि १८४६ च्या कायद्याने तो पक्का केला. त्यामुळे इंजिन समोरून बघितलं की आपल्यासारखंच ऐसपैस बसलेलं दिसतं. हे डोळ्यांत साठवून ठेवा, पुढे कामाला येतं.

गाडी गेली की खाडीच्या कडेने बिसेट्स स्ट्रँड या रस्त्यावर थोडं चालून या. रेल्वेचा पूल तिथून छान दिसतो. हाच पूल २१ ऑगस्ट २००९ रोजी प्रवासी गाडी जाते ना जाते तोच कोसळला होता. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

मग स्टेशनजवळच्या कसिनो मॉडेल रेल्वे म्युझियममध्ये जा. नावावरून जुगाराचा अड्डा समजू नका, ते गवताने शाकारलेलं जुनं टुमदार घर आहे. इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यात काम करणाऱ्या सिरिल फ्राय यांनी आयुष्यभर हाताने केलेली इंजिनं, डबे, ट्राम तिथे मांडल्या आहेत. ही ओ गेजची, म्हणजे बऱ्यापैकी मोठी मॉडेलं. खरी इंजिनं जिथे बनत आणि दुरुस्त होत तिथल्याच माणसाने केलेली असल्यामुळे एकेक रिव्हेट, पायरी, नळी जागच्या जागी. मी ठरवलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तिथे गेला. उघडण्याचे वार ऋतूप्रमाणे बदलतात, ते आधी बघा.

बाजारात मिळणारी मॉडेलं मात्र ओओ मापाची असतात, खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाची. मर्फी मॉडेल्स आणि आयरिश रेल्वे मॉडेल्स ही इथली दोन ठळक नावं. ०७१ चं मॉडेल बरोबर वीतभर भरतं. रंग, जाळ्या, क्रमांक, सगळं उत्तम. पण समोरून बघा. ओओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो, आणि या मापात आयरिश गेज २१ मिलिमीटर हवा. म्हणून मॉडेल अरुंद पायांवर उभं दिसतं. काही हट्टी मंडळी २१ मिलिमीटरचा रूळ हाताने टाकतात, चाकंही बदलतात. बाकीचे तिरक्या कोनातून फोटो काढतात! मालाहाइडला खरं इंजिन समोरून बघितलेलं नसतं तर मलाही हा फरक कळला नसता.

खरी मेजवानी वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची. शुगर बीटच्या गाड्या बघा. वेक्सफर्डकडचं बीट मॅलोच्या साखर कारखान्यात जायचं. २००६ मध्ये कारखाना बंद झाला आणि गाड्याही संपल्या. जुन्या उघड्या वाघिणीवर दुसरीचा सांगाडा चढवून जोडलेल्या त्या दुमजली वाघिणी म्हणजे गळीत हंगामातल्या आपल्या उसाच्या ट्रॉल्यांच्या सख्ख्या बहिणी, तितक्याच गंजलेल्या आणि शिगोशीग भरलेल्या. गिनेस बिअरच्या पिंपांची गाडीही २००६ मध्येच थांबली, सिमेंटच्या फुगीर टाक्या २००९ मध्ये. हे सगळं आता मॉडेलमध्येच.

चालू असलेल्या बाकी मालगाड्या म्हणजे पश्चिमेच्या मेयो परगण्यातून निघणारे कंटेनर आणि लाकडाचे ओंडके. बॅलिनाहून डब्लिन बंदराला जाणारे कंटेनर पोर्टारलिंग्टनवरून जातात. ह्यूस्टन स्टेशनवरून तिथे सहज जाता येतं. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा हे गाळा.

बेलफास्टची फेरी मात्र गाळू नका. डब्लिन-बेलफास्ट एंटरप्राइझ गाडीला २०१ वर्गाचं इंजिन असतं, कॅनडातलं, ११२ टनांचं. यातलं पहिलं १९९४ मध्ये चक्क अँटोनोव्ह विमानातून आणलं होतं. काही फेऱ्यांना इंजिनाऐवजी रेलकारचा संच असतो, त्यामुळे तिकीट काढताना चौकशी करा. वाटेत ड्रॉहेडाला बॉइन नदीवरचा १८५५ चा पूल लागतो. बेलफास्टहून बँगोरच्या लोकलने कल्ट्राला उतरलात की वाहतूक संग्रहालय. तिथे मेव्ह उभी आहे: क्रमांक ८००, १९३९ ची, इंचिकोरला बांधलेली वाफेची तीन सिलिंडरची धिप्पाड राणी. तिच्या वर्गाची एकूण तीनच इंजिनं झाली. पुढे युद्धात कोळशाची टंचाई, मग डिझेल आलं. बिचारीला पूर्ण जोराने धावायला फारसं मिळालंच नाही.

पण व्हिसा! बेलफास्ट युनायटेड किंगडममध्ये आहे. सीमेवर कुणी पासपोर्ट बघत नाही, म्हणून आयर्लंडचा व्हिसा चालतो असं समजू नका. भारतीय पासपोर्टवरच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटन-आयर्लंडची संयुक्त व्हिसा योजना) असं लिहिलेलं असेल तर दोन्हीकडे चालतो, पण ज्या देशाने दिला तिथे आधी उतरावं लागतं. पलीकडे युरोऐवजी पौंड लागतात.

फोटो काढताना पिवळ्या रेषेच्या मागे राहा, फ्लॅश बंद ठेवा, कर्मचाऱ्यांना आधी सांगा. लोक गप्पिष्ट आहेत. मॉडेल घेणार असाल तर डिजिटल आवाजाचं हवं की साधं ते आधीच ठरवा, कारण किमतीत बराच फरक पडतो. २३ टक्के व्हॅट परत देण्याची सोय असलेलं दुकान निवडा, पावती आणि पासपोर्ट जवळ ठेवा, आणि वस्तू मूळ खोक्यातच हातातल्या बॅगेत घ्या. सामानात टाकलेल्या मॉडेलच्या बारीक पायऱ्या आणि हँडरेल मुंबईपर्यंत टिकत नाहीत.