नायट्रिक ॲसिडच्या सहीपायी एकोणीस दिवस

नाशिकला सोमेश्वरपाशी गोदावरीत उतरलं की दगडावरून पाय निसटतो. तो तपकिरी बुळबुळीत थर म्हणजे मुख्यतः डायटम, एकपेशीय सूक्ष्म शैवाल. झाकणाच्या डबीसारखं सिलिकाचं कवच असतं, म्हणून मराठीत करंडक वनस्पती. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सोमेश्वर, आनंदवल्ली आणि तपोवनाच्या खाली, अशा तीन ठिकाणचे दगड मी घासले. दोन सकाळींत झालं.

अडलं ते पुढे. जात ओळखतात कवचावरच्या बारीक रेघांवरून, आणि पेशीतला ऐवज नष्ट केल्याशिवाय त्या नीट दिसत नाहीत. त्यासाठी नायट्रिक ॲसिड हवं होतं, फक्त 200 मिली. भांडारात अर्ज दिला, तो परत आला: विभागप्रमुखांची सही नाही. सही आणली, तर प्रयोगाची पद्धत जोडा म्हणाले. जोडली, तोवर चावी ज्यांच्याकडे ते सर लग्नासाठी गावी गेलेले. "मॅडम, सोमवारी या." असे तीन सोमवार गेले. ॲसिड कुणालाही देऊ नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण काय काय लागतं ते पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? सोबतच्या मुलींची मोजणी संपत आली आणि माझ्या नमुन्यांच्या बाटल्या, टिकावेत म्हणून लुगोल आयोडीन घालून, कपाटात तशाच. आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी प्रयोगशाळेतल्या ताईंनी विचारलं, "अगं, पेरॉक्साइडनं का नाही करत?" 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आमच्याच कपाटात होतं! फ्यूम हूडमध्ये, हातमोजे-गॉगल घालून, थोडं थोडं टाकत हॉटप्लेटवर तापवलं. गार झाल्यावर चुन्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब, मग डिस्टिल्ड पाण्याने चार धुण्या. तळाशी पांढरट साका दिसला तेव्हा डोळे भरून आले.

तेव्हा अर्ज करण्याआधी ताईंना विचारा. आणि हो, ब्रश प्रत्येक ठिकाणी नवा घ्या, नाहीतर एका जागेचे डायटम दुसरीकडे जातात. पुरात दगड घासले जातात, म्हणून पाणी ओसरल्यावर चार आठवडे थांबा. स्लाइडवर कवचं बसवायला नॅफ्रॅक्स हा चिकट राळेसारखा पदार्थ आधीच मागवून ठेवा. नेहमीच्या कॅनडा बाल्सम राळेत कवचं जवळजवळ दिसेनाशी होतात.

प्रत्येक स्लाइडवर 400 कवचं मोजली. तपोवनाखालच्या स्लाइडवर सांडपाणी सोसणारी निट्झ्शिया पेलियाच जिकडेतिकडे होती. सोमेश्वरच्या स्लाइडवर ती शोधावी लागली.