ऐकून घेणं साहेबांच्या मर्जीवर नको

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात काम करते. गिअरबॉक्सचे सुटे भाग बनतात तिथे. त्याआधी चाकणला होते, कामही जवळपास हेच. इथली मशीनं मला फारशी नवी वाटली नाहीत. नवं वाटलं ते हे, की शॉप फ्लोअरवरच्या माणसाचं म्हणणं इथे ऐकून घ्यावंच लागतं. साहेब मनाने मोठे आहेत म्हणून नाही, तसे साहेब आपल्याकडेही भेटतात. इथे कायदाच तसा आहे.

आजचा कायदा 1952 चा, 1972 मध्ये नव्याने लिहिलेला. किमान पाच कायम कर्मचारी असतील तिथे ते आपली परिषद निवडू शकतात. तिला बेट्रीब्सराट म्हणतात. दर चार वर्षांनी मार्च ते मे या काळात निवडणुका होतात. जर्मन नागरिकत्व लागत नाही, आम्ही परदेशीही मत देतो, उभे राहू शकतो. ओव्हरटाइम, शिफ्टच्या वेळा, रजांचं नियोजन, माणसांवर नजर ठेवता येईल असं सॉफ्टवेअर, यातलं काही परिषदेच्या संमतीशिवाय लागू होत नाही. एकमत झालं नाही तर निष्पक्ष अध्यक्ष असलेल्या मंडळाकडे प्रकरण जातं. कुणाला कामावरून काढायचं असेल तर आधी परिषदेचं मत घ्यावं लागतं. ती नको म्हणाली तरी मालक काढू शकतो, पण तिला न विचारता काढलं तर ते काढणंच कायद्याने रद्द ठरतं.

दर तीन महिन्यांनी सगळ्यांची सभा भरते, तीही कामाच्या वेळेत, पगारी. मागे एका सभेत पॅकिंग लाइनवरच्या एक बाई उठल्या आणि थेट मॅनेजिंग डायरेक्टरांना म्हणाल्या, "शनिवारची शिफ्ट तुम्ही गुरुवारी सांगता. माझ्या मुलीला सांभाळायला मी कुणाला आणि कधी सांगायचं?" आवाज चढलेला नव्हता. कुणी त्यांना खाली बसवलं नाही. साहेबांनी वहीत लिहून घेतलं, परिषदेसोबत बैठका झाल्या, आणि आता शनिवारची शिफ्ट दोन आठवडे आधी लागते. शनिवारी दांड्या मारणंही कमी झालं.

तक्रारीचं हे झालं. कल्पनांचं तर मी स्वतः पाहिलं. एका गिअरवर बारीक डेंट येत होते, कस्टमरकडून माल परत येत होता. आम्ही मोजमापांचे रिपोर्ट चाळत बसलो होतो. डीबरिंगवरच्या, म्हणजे भागांच्या धारदार कडा घासून काढणाऱ्या, तुर्की सहकाऱ्याने सूचनेचा फॉर्म भरून दिला. त्याचं म्हणणं होतं की क्रेट जमिनीवर असतो, शिफ्टच्या शेवटी कंबर वाकत नाही, मग माणूस भाग वरून सोडतो आणि ते एकमेकांवर आपटतात. क्रेट उचलून धरणारी ट्रॉली आणि मध्ये प्लॅस्टिकचे कप्पे द्या, एवढंच त्याने मागितलं होतं. डेंट थांबले. त्याची पाठही वाचली. त्याला लेखी उत्तर मिळालं आणि बक्षिसाचे पैसे पगारात जमा झाले. सुधारणेच्या सूचना सगळ्यांकडून घ्याव्यात हे एसेनच्या क्रुप कंपनीने 1872 मध्येच आपल्या नियमावलीत लिहिलं होतं, म्हणजे ही सवय इथे बरीच जुनी आहे.

यात वेळ जातो, हे खरंच. एखादं साधं सॉफ्टवेअर मंजूर व्हायला महिने लागतात, तेव्हा माझाही जीव मेटाकुटीला येतो. नोकऱ्याही कायमच्या वाचतात असं नाही. डिसेंबर 2024 मध्ये फोक्सवॅगनमध्ये दीर्घ वाटाघाटींनंतर 2030 पर्यंत 35,000 हून अधिक नोकऱ्या कमी करायचं ठरलंच. पण सक्तीने कुणाला काढायचं नाही आणि आत्ताच कारखाने बंद करायचे नाहीत, हेही त्याच टेबलावर ठरलं.

आणि मला चाकणचे मामा आठवतात. जुने ऑपरेटर, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. स्पिंडलचा आवाज बदलला की बेअरिंग जाणार हे ते आधीच ओळखत. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं. "मामा, तुम्ही प्रॉडक्शन काढा," हे उत्तर मिळालं. पुढे मशीन बंद पडली, लाइन उभी राहिली. त्यानंतर मामांनी काही सांगणंच सोडलं, आणि कारखान्याचं खरं नुकसान तिथे झालं असं मला आजही वाटतं. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कार्य समितीची तरतूद आपल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतीच. आमच्याकडे ती फाइलमध्ये होती. कॅन्टीनच्या दारात सूचनापेटीही होती, पण चिठ्ठी टाकणाऱ्याला उत्तर आलेलं मी पाहिलं नाही.

पुणे, नाशिक, संभाजीनगरला ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. इथल्यासारखा कायदा आपल्याकडे येईल तेव्हा येईल. तोवर प्रत्येक सूचनेला पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, आणि नाकारायची असेल तर कारण लिहा. याला खर्च येत नाही, आणि हे उद्यापासून सुरू करता येतं.