सर समोरच बसलेत

आमच्या निवासी कर्णबधिर विद्यालयाच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, तेव्हा सेवाज्येष्ठता यादीत पुढचं नाव पाचवीच्या वर्गशिक्षकांचं होतं. डी.एड. विशेष शिक्षण, सेवापुस्तकात एक शेरा वाकडा नाही, आणि अक्षर असं की शाळेची सगळी महत्त्वाची पत्रं त्यांच्याच हातची. पण सर स्वतः कर्णबधिर. जन्मापासून. त्यामुळे संस्थेत आठवडाभर खल चालला. एका सदस्यांनी बैठकीत विचारलं, "फोन आला तर उचलणार कोण?" आमचे लिपिक इतिवृत्त लिहिता लिहिता म्हणाले, "आजवर मीच उचलतोय की." शेवटी प्रभार मिळाला, पण आदेशात 'तात्पुरता' हा शब्द दोनदा आला होता.

सरांनी त्या आदेशाच्या मागे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या सतराव्या कलमाची झेरॉक्स लावून फाइल केली. सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक तयार करावेत, नेमावेत, आणि त्यात दिव्यांग शिक्षकही असावेत, असं ते कलम सांगतं. कोणाला दाखवायला म्हणून नाही, फाइल पूर्ण असावी म्हणून.

शाळेत सरांची खूण म्हणजे कानामागे खोचलेली पेन्सिल. मुलं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, प्रत्येकाची एक खूण असते. आमच्याकडे बाकी सगळ्यांच्या कानामागे श्रवणयंत्र. सरांचं यंत्र टेबलाच्या खणात पडून असतं. त्यातून फक्त गोंगाट मिळतो, असं त्यांचं म्हणणं.

मी सांगतेय ती गोष्ट तपासणीच्या दिवसाची. सरांच्या प्रभारातली पहिलीच तपासणी. जिल्ह्याहून साहेब येणार म्हणून वसतिगृहाच्या चादरी धुतल्या, साठा नोंदवही जुळवली, ऑडिओग्रामच्या, म्हणजे श्रवणतपासणीच्या आलेखांच्या, फायली इयत्तेनुसार लावल्या. दुभाषी म्हणून मी. मी वाचा, म्हणजे बोलणं, शिकवते. साइन, म्हणजे सांकेतिक भाषा, मला वसतिगृहातल्या मुलींनी शिकवली. आमच्या प्रशिक्षणात ती नव्हतीच, उलट मुलांचे हात आवरा असं सांगितलेलं.

साहेब आले, मुख्याध्यापकांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, यांना विचारा, पटावर किती मुलं आहेत?"

दुभाष्यानं जे कानावर पडेल ते तसंच पोचवायचं असतं. मी खुणांनी सांगितलं, "यांना विचारा, पटावर किती मुलं आहेत?" सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि भुवया उंचावून विचारलं, "कोणाला?" मीही तसंच मोठ्यानं म्हटलं, "कोणाला?"

साहेब गोंधळले. मग हसले. मी सांगितलं, "साहेब, सर समोरच बसलेत. तुम्ही त्यांच्याशीच बोला, मी मध्ये आहे असं समजूच नका." पुढची दहा-पंधरा मिनिटं त्यांची नजर सवयीनं माझ्याकडे वळायची आणि ते ती मुद्दाम ओढून सरांकडे न्यायचे. श्रेय त्यांना द्यायला हवं, बरेच जण शेवटपर्यंत माझ्याशीच बोलून निघून जातात.

आमच्या तपासणीत एक ठरलेला कार्यक्रम असायचा. एखाद्या चुणचुणीत मुलाला उभं करायचं आणि त्यानं "नमस्कार, माझं नाव अमुक" असं म्हणायचं. पाहुणे टाळ्या वाजवायचे. सरांनी तो काढून टाकला होता. वाचा हा माझाच विषय, पण मला अजिबात वाईट वाटलं नाही. 'प' शिकवताना मी मुलाच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरते. फडफडली तर 'प' झाला. 'म' साठी त्याचं बोट माझ्या नाकावर, मग त्याच्या स्वतःच्या नाकावर. ही मेहनत वाया जाते असं मी म्हणणार नाही. लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट (कानात शस्त्रक्रियेनं बसवायचं श्रवणयंत्र) झालेली मुलं, थोडी श्रवणशक्ती शिल्लक असलेली मुलं यातून खरंच पुढे जातात. पण आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणून बघा. ओठ तिन्हीला सारखेच हलतात. एवढ्या भांडवलावर ओठ वाचून इतिहास-भूगोल शिका, असं आपण मुलांना सांगत होतो.

पाचवीचा वर्ग साहेबांनी स्वतःच निवडला. अर्धवर्तुळात बसलेली नऊ मुलं, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसतात. साहेब पूर्वी शिक्षक असावेत, कारण त्यांनी सरळ खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: 'राजूने 3 आंबे खाल्ले. आता त्याच्याकडे 5 आंबे उरले. तर आधी त्याच्याकडे किती आंबे होते?'

नऊच्या नऊ पाट्यांवर उत्तर आलं 2.

"वजाबाकी येते," साहेब म्हणाले, "पण डोकं चालत नाही." मी हेही तसंच्या तसं पोचवलं. सरांचा चेहरा हलला नाही. आम्हा सगळ्या शिक्षकांना हे उत्तर पाठ आहे. 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'एकूण' दिसलं की बेरीज. मुलं वाक्य वाचत नाहीत, त्यातला ओळखीचा शब्द शोधतात. ऐकू येणारं मूल सहाव्या वर्षी शाळेत येतं तेव्हा घरात, अंगणात, भांडणात हजारो वाक्यं ऐकून आलेलं असतं. आमच्या बहुतेक मुलांचे आईवडील ऐकू येणारे, त्यांना साइन येत नाही. मूल आमच्याकडे येईपर्यंत त्याच्याशी धड गोष्ट अशी कोणी केलेलीच नसते.

सर फळ्यासमोर गेले. पायानं जमिनीवर एक ठोका दिला, सगळे डोळे त्यांच्यावर. त्यांनी फळा पुसला नाही, फक्त त्याच्या आड उभे राहिले.

आधी हात खांद्यावरून मागे, म्हणजे पूर्वी. डाव्या बाजूला राजू उभा केला, थोडा ढेरपोट्या. राजूच्या पुढ्यात टोपली, टोपलीवर फडकं. फडक्याखाली आंबे आहेत, किती ते दिसत नाही. राजूनं इकडंतिकडं बघितलं, फडक्याचा कोपरा उचलून हात घातला, एक आंबा काढला, दाबून मऊ केला, देठाकडून चोखला, कोय मागे भिरकावली. दुसरा. तिसऱ्याला पोट दुखायला लागलं. फडकं दूर केलं: पाच. मग सरांनी सगळं उलटं फिरवलं, टोपली पुन्हा झाकली, हात पुन्हा खांद्यामागे नेला आणि प्रश्न शेवटी विचारला, भुवया आक्रसून: किती?

टोकाला बसलेल्या मुलीनं हात झटकन पुढे केले. आठ. शेजारच्यानं मान हलवली, नाही, दोन. मग तिचं त्याच्याशी भांडण सुरू झालं. तिचा मुद्दा असा: राजूच्या मागे जाऊन बघ, कोयी किती पडल्यात? तीन. त्या टोपलीतूनच आल्या ना? पोरगा दोन क्षण राजूच्या मागच्या रिकाम्या फरशीकडे खरोखर बघत राहिला आणि त्यानं पाटी पुसली.

साहेबांनी आकडे बदलून आणखी दोन उदाहरणं घातली. या वेळी मुलं लिहिण्याआधी एकमेकांना खुणांनी गोष्ट सांगायला लागली. दोन्ही बरोबर आली.

"हे ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण परीक्षेत करून दाखवायला तुम्ही नसाल." प्रश्न योग्यच होता. सर म्हणाले, "म्हणून आता हीच गोष्ट मुलं मराठीत लिहितील. आधी माहीत असलेली गोष्ट, मग तिची वाक्यं. आपण इतकी वर्षं वाक्यं आधी दिली." त्यांनी पाचवीच्या वह्या काढून दाखवल्या. त्यातल्या चुका लाल शाईनं खोडल्या नव्हत्या, खाली सरांच्या सुंदर अक्षरात पूर्ण वाक्य होतं. वर्षाच्या सुरुवातीची वही आणि आत्ताची वही यांत फरक होता, पण फार मोठा नव्हता. सरांनी तेही लपवलं नाही.

चहाच्या वेळी साहेबांना कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला एक फोटो दिसला. हे कोण? सरांना हवंच होतं. ते म्हणजे आय. किंग जॉर्डन. अमेरिकेतलं गॅलॉडेट हे कर्णबधिरांसाठीचं विद्यापीठ 1864 सालचं, पण तिथं पहिला कर्णबधिर अध्यक्ष यायला 1988 साल उजाडलं. तेही विद्यार्थ्यांनी फाटकं बंद करून आठवडाभर आंदोलन केल्यावर. मग सर इटलीतल्या मिलानला भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या परिषदेवर आले. 1880 सालच्या त्या परिषदेत बधिरांच्या शाळांतून खुणा काढून टाकण्याचा ठराव झाला, 164 प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर एकच होता. त्या ठरावांबद्दल अधिकृत खेद व्यक्त झाला 2010 मध्ये, व्हँकुव्हरला. सरांच्या बोटांना वेग आला की मला धाप लागते, तशी लागली. साहेबांचा चहा थंड झाला.

तेवढ्यात एक बाई आली. मुलाला नुकताच पहिलीत टाकलेला, त्याचे कपडे घेऊन आली होती. खुर्चीत बसलेले सर खुणांनी बोलतायत आणि साहेब ऐकतायत, हे ती दारातून बराच वेळ बघत होती. बाहेर आल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. "ताई, यांना पगार मिळतो?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा. ती लाजली, मग विचारलं. पगार मिळतो, सगळ्यांना मिळतो तेवढाच. लग्न झालंय? झालंय. मुलं? दोन, दोघांना ऐकू येतं, थोरली दहावीला आहे आणि बापाचं ऐकत मात्र नाही. हे शेवटचं सरांनी आपणहून घातलं. बाई तोंडाला पदर लावून हसली आणि मग तिनं विचारलं ते हे की मुलाला रात्री अंधाराची भीती वाटते, ते इथं कुणाला कळतं का? सरांनी तिला वसतिगृहात नेलं आणि त्याच्या खाटेजवळचा रात्रीचा दिवा दाखवला. दिवे गेले की या मुलांचं बोलणंही बंद होतं, म्हणून प्रत्येक खोलीत एक दिवा जळतोच. वीजबिलावर पूर्वी त्यासाठी आक्षेप निघाला होता.

साहेबांनी शेरेबुकात चार ओळी लिहिल्या. स्वच्छता समाधानकारक, अभिलेख अद्ययावत, पाचवीचं अध्यापन उल्लेखनीय. 'प्रभारी मुख्याध्यापकांनी मासिक बैठकीस स्वतः उपस्थित राहावे' ही चौथी ओळ. आधी प्रतिनिधी पाठवा असं तोंडी कळवलं गेलं होतं, त्यामुळे सरांना ही ओळ सगळ्यांत आवडली.

आता सर बैठकीला जातात आणि दुभाषी म्हणून मी जाते. त्या दिवशी माझा वर्ग रिकामा राहतो, पट्टी फडफडत नाही. सरांनी दुभाष्याच्या मानधनासाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा ते कळवावे. सरांनी उलट टपाली लिहिलं, तेच आम्हाला आपल्याकडून हवे आहे.