क्लिओ लेन रिप प्रोजेक्ट: आतल्या ग्रूव्हची किरकिर शेवटी गेली!

गेली एकदाची! रेकॉर्डच्या आतल्या, लेबलजवळच्या ग्रूव्हमधली (सुई फिरते ती खाच) किरकिर तीन आठवडे छळत होती, काल रात्री पावणेबाराला गेली आणि जॅझ गायिका क्लिओ लेन यांच्या १९७३ च्या कार्नेगी हॉल लाइव्ह रेकॉर्डची पहिली बाजू शेवटपर्यंत स्वच्छ रिप झाली, म्हणजे डिजिटल फाइलमध्ये उतरली.

मागच्या वेळी लिहिलंच होतं की बाजूची सुरुवात मस्त, पण शेवटच्या ट्रॅकला बाई वर चढल्या की आवाज किसणीवर घासल्यासारखा. बाईंचा आवाज जवळजवळ चार सप्तकांचा, वरच्या टोकाला नवरा जॉन डँकवर्थच्या वाद्याला बिलगून स्कॅट (शब्दांऐवजी नुसत्या बोलांचं गाणं) करतात, आणि नेमकी तिथेच घाण! रेकॉर्ड तीनदा धुतली, फरक शून्य. सुईचं वजन १.८ वरून २ ग्रॅम केलं, किंचित बरं. कोनिकल (गोल टोकाची) काढून इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई लावली, बरंच सुधारलं पण शब्दांतला 'स'चा उच्चार अजून फाटतच होता. आधीच्या मालकानेच झिजवलीय असं धरून दुसरी कॉपी मागवणारच होते, तेवढ्यात वाटलं की झीज असती तर सगळीकडे ऐकू आली असती ना. कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी ग्रूव्ह सरकते, आत ६ सेंमी त्रिज्येवर जेमतेम २१, म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, तिथे सुई जराशी वाकडी बसलेली चालतच नाही.

म्हणून प्रोट्रॅक्टरवर (सुई सरळ बसवायचा छापील कागदी तक्ता) स्टीलची पट्टी ठेवली. १०० मिमीची रेघ भरली ९६.५! दुकानातून प्रिंट काढताना 'फिट टू पेज' राहिलं होतं, म्हणजे ६६ मिमीचा नल पॉइंट (सुई ग्रूव्हला अगदी सरळ बसायला हवी ती जागा) ६४ च्याही आत आला होता आणि मी इतके दिवस त्यावरच जीव तोडून अलाइन करत होते. नवा प्रिंट काढला, कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाला, केसभर सरकवलं, स्क्रू आवळले, सुई टेकवली. तो वरचा सूर असा सुटला की मी हेडफोन काढून खोलीत बघितलं. कागदी प्रोट्रॅक्टर वापरणाऱ्यांनो, आधी मोजा, नाहीतर सरळ आरशाचा घ्या, पैसे वसूल होतात.

आता बेत. १९५१ पासून, बाई डँकवर्थ सेव्हन या बँडमध्ये आल्या तिथून, ओळीने जायचं ठरलं होतं. पण लिहितानाच वाटतंय की कार्नेगीलाच कार्नेगी जोडावं, दहाव्या वर्षाच्या कॉन्सर्टची रेकॉर्ड लगेच घ्यावी, १९८६ चं ग्रॅमी तिलाच मिळालं. दोन्हींमधला आवाज एकाच सुईने, एकाच सेटिंगवर, शेजारी शेजारी ऐकायचाय. १९६४ ची 'शेक्सपिअर अँड ऑल दॅट जॅझ' त्यानंतर, माझी कॉपी मोनो (डावीकडे-उजवीकडे एकच आवाज) आहे, दोन्ही चॅनल एकत्र केले की खरखर कमी होईल असा अंदाज.

जुलै २०२५ मध्ये बाई गेल्या तेव्हा हे काम सुरू केलं होतं. त्या ९७ वर्षांच्या होत्या. आज रात्री दुसरी बाजू लावतेय, फोन बंद.