सडाफटिंगाच्या घरातली बैठक

एकट्या पुरुषाच्या चैनीच्या वस्तूंची यादी काढली तर ती बहुतेक एकट्यानंच वापरायच्या वस्तूंची निघते. भारी स्पीकर, कॉफीचं यंत्र, पाय पसरून बसायची खुर्ची. माझ्या यादीत सगळ्यात वर रिकामा हॉल आहे. जेवणाचं टेबल नाही, शोकेस नाही, दिवाण नाही. सोफा आतल्या खोलीत ढकलला की बारा बाय पंधरा फूट जमीन मोकळी होते. संसारी घरात एवढी जागा सहसा सापडत नाही, आणि सापडली तरी दुसऱ्या दिवशी कुणाची तरी परीक्षा असते.

सडाफटिंग माणसाला लोक बोलावतात ते पंगतीत एक पान वाढवून. त्यानं उलट लोकांना आपल्याकडे बोलवावं, आणि बोलवायचंच तर गाणं ऐकायला बोलवावं, या मताचा मी आहे. बैठकीत दोन-अडीच तास कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही, तरी सगळे एकत्र असतात. "मग, तुझं काय ठरलं?" या प्रश्नाला फक्त मध्यंतराची वीस मिनिटं मिळतात, आणि तेव्हा यजमानाच्या हातात चहाचा ट्रे असतो.

आता हिशोब. मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण दोन बाय अडीच, म्हणजे पाच चौरस फूट जागा लागते. गाणारा, तबला, पेटी आणि मागे दोन तंबोरे यांना आठ बाय सात. एकशे ऐंशीतून छप्पन्न गेले, दारापासून संडासापर्यंतच्या वाटेला वीसेक ठेवले की उरतात शंभरच्या आसपास. म्हणजे वीस माणसं. सव्वीस कोंबता येतात, पण मग विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालाच्या मध्यावर कुणाच्या तरी पायाला मुंग्या येतात आणि त्याला हलायला जागा नसते. भिंतीला टेकून चार-पाच खुर्च्या ठेवाव्यात. गुडघे दुखणारी माणसं आपण होऊन सांगत नाहीत, ती "बरं नाही" म्हणून यायचंच टाळतात.

खोली रिकामी असणं बसायला चांगलं, आवाजाला वाईट. उघड्या फरश्या आणि कोऱ्या भिंती यांच्यामध्ये तान गिचमिड होते, तबल्याचा 'ना' कानात टोचतो. उपाय स्वस्त आहे: खाली सतरंज्या, खिडक्यांना जाड पडदे, एका भिंतीला पुस्तकांची मांडणी. माणसं स्वतःही आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत टाळी वाजवून आला तेवढा घुमारा बैठकीत राहत नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत मात्र मोकळी ठेवावी, तिच्यावरून आवाज पुढे येतो. माइक नको. एवढ्याशा खोलीत माइक लावणं म्हणजे साजूक तुपावर डालडा ओतणं. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो, तिथे हजारो माणसांच्या मंडपात स्पीकरशिवाय गत्यंतर नाही. पण घरात, सहा फुटांवर, गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला आणि पुकार लावताना आवाज कुठे किंचित खरखरला, हे ऐकू येतं. मी चैन म्हणतो ती ही.

गाणाऱ्याला बसायला फोमची गादी देऊ नये. ती दबते, गुडघे वर येतात, पोट आवळलं जातं. त्याहून मोठी अडचण तबल्याची. डग्गा आणि तबला चुंबळीवर बसतात, आणि चुंबळ मऊ गादीवर असली की प्रत्येक थापेला कलंडते. कापसाची, दाबून बसलेली पातळ गादी, वर जाजम, वर पांढरी चादर. चादरीची टोकं गादीखाली घट्ट खोचलेली. चौथरा, स्टेज वगैरे काही नको. तबला कुठल्या हाताला, पेटी कुठल्या, हे गाणाऱ्यालाच विचारावं.

विचारायच्या गोष्टींत पहिली म्हणजे पट्टी, गाणारा पेटीच्या ज्या सुराला आपला सा धरतो ती. बैठक ठरवताना तारखेआधी पट्टी विचारणारा यजमान कलाकाराला आवडतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर ठरतं. पुरुष बहुधा पेटीच्या काळी एक, पांढरी दोन अशा पट्टीत गातात, बायका काळी चार, काळी पाच अशा. पुरुषी तंबोरा मोठ्या भोपळ्याचा, लांब दांडीचा. तो काळी पाचपर्यंत चढवायला गेलात तर तार तुटेल, आणि खाली उतरवलात तर तारा ढिल्या पडून नुसत्या लडबडतील, जवारी (तारेचा भरलेला, झणझणता नाद) बोलणार नाही. म्हणून बायकी तंबोरा वेगळा, लहान. तबलाही पट्टीप्रमाणे बदलतो, पण उलटा. काळी पाचला मोठ्या तोंडाचा ढाला (खालच्या सुरात लागणारा) तबला लागतो, काळी एकला साधारण साडेपाच इंची पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा. तबलजी स्वतःचा तबला आणतोच, पण त्याला पट्टी आदल्या दिवशी कळलेली असावी, दारात चपला काढताना नव्हे.

तंबोरे मिरजेचे. तिथल्या सतारमेकरांची कारागिरी एकोणिसाव्या शतकापासूनची. भोपळे येतात पंढरपूर, मंगळवेढा भागातून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एकट्या माणसाने घरात एक तंबोरा ठेवावा असं मी सुचवेन, गाता येत नसलं तरी. दुसरा उसना मिळतो. उसना आणताना गाडीच्या मागच्या सीटवर आडवा, भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना उशा, तारा थोड्या उतरवलेल्या. भोपळा दिसतो तेवढा दणकट नसतो, ब्रेक जोरात लागला की तडकतो. आणि आणायचा तो बैठकीच्या निदान तीन तास आधी, त्याच खोलीत. बाहेरच्या उन्हातून गार खोलीत आलेली तार आकसते आणि सूर चढतो; लाकूड आपल्या गतीनं सावकाश बदलतं. चार वाजता जुळवलेला तंबोरा सहा वाजता बेसूर होतो तो याचमुळे.

एसीचा घोळही हाच. लावायचा तर माणसं यायच्या तासभर आधी लावावा आणि शेवटपर्यंत एका तापमानावर ठेवावा. मध्येच कुणीतरी "जरा उकडतंय हो" म्हणतं, रिमोट दाबला जातो, आणि दहा मिनिटांनी गाणारा मागे वळून तंबोऱ्याकडे बघतो. कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणून चढते, पावसाळ्यात ओल धरून उतरते. जुलैतल्या बैठकीत हातोडी जास्त वाजते ती तबलजी नवखा आहे म्हणून नाही. तंबोऱ्याची खुंटी सटकत असेल तर ती काढून तिच्या दांड्याला खडू घासावा. खडूचा तुकडा घरात असावा, ऐनवेळी तो कुठेही मिळत नाही.

जुळवण्याला वेळ लागतो आणि लागू द्यावा. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन पोलादी तारा षड्जात (सा), पितळी तार खर्जात (खालचा सा), आणि पहिली तार रागानुसार: यमनला पंचम, मालकंसाला मध्यम, मारव्याला किंवा पुरियाला निषाद, कारण त्या रागांत पंचमच नाही. खुंटीनं ढोबळ सूर, तारेत ओवलेल्या मण्यानं बारीक, आणि मग घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती) तारेखालचं सूत इंचभराच्याही अंशानं सरकवून जवारी उघडायची. पेटी आपला सूर बदलत नाही, तेव्हा तंबोऱ्यानेच पेटीकडे जायचं. दोन रागांमध्ये पंचमाचा निषाद करायला पाच-दहा मिनिटं जातात. नेमक्या याच वेळात लोक गप्पांना सुरुवात करतात आणि वीस माणसांच्या कुजबुजीत जुळवणाऱ्याला तार ऐकू येत नाही. सुरुवातीलाच नम्रपणे सांगून टाकावं. (मला तरी चांगला जुळत जाणारा तंबोरा हा बैठकीतला एक रागच वाटतो, पण हे मत फार जणांना पटत नाही.)

वेळेबद्दल मात्र मी हट्टी आहे: रविवारी सकाळी साडेआठ. राग वेळेला बांधलेले असतात आणि मैफली बहुतेक संध्याकाळी होतात, त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या वाट्याला यमन, पुरिया धनाश्री, बागेश्री पुन्हापुन्हा येतात. तोडी, ललत, देसकार, अल्हैया बिलावल रेकॉर्डिंगवरच राहतात. साडेआठला तोडी सुरू झाली की साडेनऊपर्यंत विलंबित आणि द्रुत (जलद) मिळून होते, मध्यंतर, मग दुसरा राग. अकरा ओलांडले तर वृंदावनी सारंग, आणि शेवटी भैरवी. संध्याकाळी करायची तर साडेसहाला सुरू करून दहाच्या आत संपवावी. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवण्याचा नियम २००० सालचा आहे आणि आपण तो लावतच नाही, पण त्याच नियमांत निवासी भागासाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादाही आहे. द्रुत तीनताल रंगात आला की ती केव्हाच ओलांडली जाते. वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्यांना बोलावणं हा यावरचा सर्वांत चांगला उपाय. आले तर श्रोते, नाही आले तरी त्या दिवशी टेबलं ओढत नाहीत.

आवाज करणाऱ्या वस्तू शोधायच्या तर आदल्या दिवशी त्याच वेळी खोलीत पाच मिनिटं गप्प बसावं. फ्रिजची घरघर, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकचा गूंज (तो हमखास षड्जाच्या जरा खाली असतो), पंख्याची टकटक. फ्रिज अडीच तास बंद ठेवला तर काही नासत नाही, फक्त दार उघडायचं नाही. बेल बंद, दाराला नुसती कडी लोटलेली. उशिरा येणाऱ्यानं दाराशीच बसावं. विलंबित एकतालात मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटाचं होतं. समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडावर कुणी खोली ओलांडू लागला तर ते सगळ्यांना दिसतं. व्हायब्रेटवरचा मोबाइल फरशीवर ठेवला की डग्ग्यासारखा वाजतो, म्हणून चपलांशेजारी एक टोपली ठेवावी. रेकॉर्डिंग करायचं असेल तर गाणाऱ्याला आधी विचारावं, आणि होकार मिळाला म्हणजे ते इंटरनेटवर चढवायची परवानगी मिळाली असं नाही.

उदबत्ती, धूप कटाक्षाने नको. धूर सरळ गळ्यात जातो. सुगंध हवाच असेल तर मार्च ते मे मोगऱ्याची ओंजळ एका वाटीत. पाणी कोमट, थर्मासमध्ये, गाणाऱ्याच्या हाताशी. फ्रिजमधलं पाणी कुणी "घ्या ना, गार आहे" म्हणून पुढे केलं तर त्या कुणाला आत चहा गाळायला पाठवावं.

चहा. वीस कपांना, कप शंभर मिलिलिटरचा धरून: एक लिटर दूध, सव्वा लिटर पाणी, पन्नास ग्रॅम पावडर, दीडशे ग्रॅम साखर, चाळीस ग्रॅम आलं. आलं ठेचून आधी पाण्यात चांगलं पाच मिनिटं उकळायचं. कच्चं आलं दुधात पडलं तर दूध फाटतं, आणि वीस माणसं बाहेर असताना फाटलेलं दूध ही मोठीच नामुष्की. घरात दुसरं माणूस नाही, त्यामुळे बैठक सुरू होण्यापूर्वीच चहा करून, नीट गाळून, दोन थर्मासमध्ये भरून ठेवावा. पावडर आत राहिली की तासाभरात कडू होतो. खायला चिवडा, शेव, चकली नको. मध्यंतर संपलं तरी बशीतलं संपत नाही आणि पुढच्या आलापीत कुरकुर ऐकू येते. सुरळीच्या वड्या उत्तम: गार चालतात, आवाज नाही, बोटांना तेल नाही, घासाला एक. माणशी चार धरून ऐंशी. करता येत नसतील तर विकत आणाव्यात, पीठ पसरायची घाई करू नये.

बोलवायचं कुणाला? सगळे जाणकार बोलावले की खोलीत वीस माणसं मांडीवर मात्रा मोजत बसतात आणि गाणाऱ्याला परीक्षेला बसल्यासारखं होतं. सगळे नवखे असले तर दाद चुकीच्या जागी पडते, किंवा पडतच नाही. पाच-सहा जाणकार, दहा-बारा आवडीनं ऐकणारे, दोन-तीन अगदी कोरे. जाणकारांना एकत्र बसू देऊ नये, विखरावं; समेला एकाची मान हलली की शेजारच्या कोऱ्या माणसाला सम कुठे आहे ते न सांगता कळतं. पहिल्या रांगेत मानाची माणसं बसवायची पद्धत मोडावी. तिथे ज्यांच्या चेहऱ्यावर ऐकलेलं दिसतं अशी माणसं हवीत.

पैशांचं आधी बोलावं. बिदागी किती, साथीदारांची वेगळी की त्यातच, तंबोऱ्यावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांचं येण्याजाण्याचं भाडं कोण देणार. "घरगुतीच आहे" हे वाक्य कमी देण्यासाठी वापरू नये. गाणं घरगुती होत नाही, रियाज तेवढाच लागलेला असतो. वीस जणांनी पाचशे काढले तर दहा हजार जमतात. त्यात बसतं का हे गाणाऱ्याला सरळ विचारावं, आणि वरची भर आपण घालावी. वर्षाला अशा दोन बैठकींचा खर्च चांगल्या फोनपेक्षा कमी येतो. तीन पाकिटं, नावं घालून, आदल्या रात्री तयार. ती निघताना आत बोलावून द्यायची, सगळ्यांसमोर नाही.

माणसं गेली की आधी तंबोऱ्याच्या तारा अर्ध्या फेऱ्यानं उतरवायच्या, गवसणी (कापडी खोळ) घालायची, भिंतीला टेकवून न ठेवता आडवा ठेवायचा. चादर झटकताना एखादी कर्णफुलाची फिरकी सापडते, ती फोटो काढून ग्रुपवर टाकायची. मग सोफा बाहेर. आणि फ्रिज सुरू करायचा. हे हमखास राहून जातं, म्हणून मोबाइलचा चार्जर बैठकीपूर्वीच फ्रिजच्या बटणावर लटकवून ठेवावा.