काळी पूड आणि गायब झालेलं ऑक्साइड

भट्टीतून अ‍ॅल्युमिनाची बोट (उष्णता सोसणारं लांबट भांडं) बाहेर काढली, तेव्हा पूड हवी तशी काळीभोर दिसत होती. सुपरकपॅसिटरच्या, म्हणजे झटपट वीज साठवणाऱ्या साधनाच्या, इलेक्ट्रोडसाठी मँगनीज डायऑक्साइडच्या नॅनोसळ्यांवर ग्लुकोजपासून केलेला थर चढवून तो नायट्रोजनमध्ये 600 अंशांवर भाजला होता. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) सळ्यांभोवती कार्बनचं पातळ वेष्टणही दिसलं. सगळे खूश.

मँगनीज डायऑक्साइड स्वस्त, सैद्धांतिक धारिता (वीज साठवायची क्षमता) ग्रॅममागे 1370 फॅरडच्या आसपास. पण वीज वाहायच्या बाबतीत अगदीच मठ्ठ. सावकाश स्कॅन केलं तर सीव्हीचा (व्होल्टेज खालीवर करत प्रवाह मोजायच्या चाचणीचा) आलेख छान आयताकृती येतो, वेग वाढवला की तिरपा होत जातो. आतलं द्रव्य कामाला येतच नाही, नुसतं वजन वाढवतं. अंगावर कार्बन असला की इलेक्ट्रॉनना वाट मिळते. तो फार जाड झाला तर आयन अडतात, म्हणून थर पातळच ठेवला होता.

दुपारी एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थ ओळखायची चाचणी) करणाऱ्या सहकाऱ्याचा फोन आला. "हे नक्की तुमचंच सॅम्पल ना?"

जाऊन बघितलं. स्क्रीनवर 35, 40.5 आणि 58.7 अंशांच्या कोनांपाशी टोकदार शिखरं. ही तर मँगनीज मोनॉक्साइडची! डायऑक्साइडचा मागमूस नाही. लोखंडाच्या भट्टीत कोक खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, तेच इथे आमच्या कार्बनने केलं होतं. मोनॉक्साइड खरं तर हिरवट असतं, उघडं असतं तर नुसत्या नजरेलाच शंका आली असती. पण वरून कार्बन, त्यामुळे सगळंच काळं.

मग चर्चा रंगली. तापमान उतरवा, असं एकाचं म्हणणं. पण कमी तापमानावर केलेला ग्लुकोजचा कार्बन स्वतःच धड वीज वाहत नाही; मग तो चढवायचा तरी कशाला? "कार्बन कोटिंगमुळे कामगिरी सुधारली" हे वाक्य शोधनिबंधांत सर्रास दिसतं. कोटिंगनंतर आत काय उरलं याचा एक्सआरडी सोबत नसेल, तर माझा आता त्यावर भरवसा बसत नाही.

शेवटी क्रमच उलटा करायचं ठरलं. आधी जास्त तापमानावर कार्बनचा सांगाडा तयार करायचा, मग तो पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात टाकायचा. कार्बन परमँगनेटचं क्षपण करतो, म्हणजे त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि डायऑक्साइड पातळ थराने त्याच्याच अंगावर बसतं. म्हणजे कार्बन आत, ऑक्साइड बाहेर. प्रकल्पाच्या शीर्षकातलं 'कार्बनवेष्टित' आता बदलणं भाग होतं. शीर्षक बदलायचा अर्ज गाइडनी माझ्याकडेच सरकवला.